मादबा ते मादबा : तीन दिवसांच्या सायकलफेरीची आखणी

जॉर्डनचा नकाशा टेबलावर पसरला की मृत समुद्राच्या पूर्वेला एक चौकोन सहज दिसतो. वरच्या उजव्या कोपऱ्यात मादबा, खालच्या उजव्या कोपऱ्यात करक, आणि डावीकडची सगळी बाजू म्हणजे मृत समुद्राचा काठ. चारही बाजूंना डांबरी रस्ता आहे. उजव्या बाजूने ‘किंग्ज हायवे’ नावाचा जुना राजमार्ग पठारावरून जातो आणि वाटेत वादी मूजिबची प्रचंड दरी उतरून पुन्हा चढतो. डाव्या बाजूचा रस्ता पृथ्वीवरच्या जमिनीच्या सर्वांत खोल पातळीवरून धावतो. या चौकोनाला सायकलवरून एक फेरी मारायची, एवढाच आमचा बेत. अंतर सुमारे २१५ किलोमीटर. पुणे-कोल्हापूरपेक्षा थोडे कमी. अंतर ऐकून कोणी घाबरत नाही. घाबरवतो तो चढ.

मादबा समुद्रसपाटीपासून पाऊणेआठशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, करक साडेनऊशेच्या. आणि मृत समुद्राचा पृष्ठभाग समुद्रसपाटीच्याही खाली, सुमारे ४३० मीटर. म्हणजे या फेरीत एकदा अकराशे-बाराशे मीटर खाली पडायचे, मग तेराशे मीटर वर यायचे, आणि त्यानंतर मूजिबच्या दरीत पुन्हा पाचशेच्या आसपास मीटर उतरून तेवढेच चढायचे. मधे वादी वाला नावाची धाकटी दरी आहे, ती वेगळीच. सगळे चढ मिळून तीन हजार मीटरच्या घरात जातात.

आमच्या वाचकांपैकी जे महाड-पोलादपूरकडचे आहेत त्यांना हे लगेच समजेल. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठायचे म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीवरून साडेतेराशे मीटरवर जायचे, चाळीस किलोमीटरमध्ये. मृत समुद्रावरून करक म्हणजे तोच आंबेनळी, पण अठ्ठावीस-तीस किलोमीटरमध्ये आटपलेला आणि झाडाविना. आंबेनळीला निदान सावली आहे, वळणावळणावर पाणी आहे, वडापावची गाडी आहे. मूजिबचा चढ पुणेकरांच्या सिंहगडासारखा: नऊ-दहा किलोमीटर, पाचशे-सहाशे मीटर. फरक एवढाच की सिंहगड सकाळी सहाला चढून आठला घरी परत येता येते.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको, पुण्यात राहणारे. आमचे थोरले भाऊ, जे बावीस वर्षे कुवेतला नोकरीत आहेत. आणि त्यांची मुलगी, म्हणजे आमची पुतणी. सायकली चार. भाभी आणि अम्मी मोटारीत. हा बेत मुळात भाईंचा. कुवेतमध्ये टेकडी म्हणून नाही. समुद्रकाठच्या रस्त्यावर पहाटे चाळीस-पन्नास किलोमीटर मारणारा माणूस चढ कसा असतो हे विसरून जातो. तरी करकचा किल्ला आणि मुअताचे मैदान सायकलवरून जाऊन पाहायचे हे त्यांनी मनात धरले आहे. ते ५४ वर्षांचे आहेत आणि इन्सुलिन घेतात. त्यामुळे हा बेत आखताना जेवढा वेळ नकाशावर गेला, तेवढाच त्यांच्या साखरेच्या वहीवर गेला.

पहिला प्रश्न दिशेचा होता. वर्तुळाकार फेरीत दिशा म्हणजे निम्मा बेत असतो, आणि इथे तर त्याहून जास्त.

घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गेलो तर मादबाहून दक्षिणेला निघायचे, वाला आणि मूजिब ओलांडून करकला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सुसाट उतार मृत समुद्रापर्यंत, मग किनाऱ्याने उत्तरेला आणि शेवटी पश्चिमेकडून माउंट नेबोचा चढ चढून मादबा. बहुतेक पर्यटक मोटारीने ही फेरी अशीच करतात आणि मोटारीला ते ठीकच आहे. सायकलस्वाराच्या दृष्टीने यात सगळ्यांत मोठा चढ सगळ्यांत शेवटी येतो. तो चढ पश्चिमेला तोंड करून आहे. दुपारी दोननंतर त्यावर थेट ऊन, आणि पायथ्याची हवा भट्टीसारखी. शिवाय या खोऱ्यात वारा बहुधा उत्तरेकडून वाहतो, म्हणजे किनाऱ्याचे साठ-सत्तर किलोमीटर समोरचा वारा अंगावर घेत जायचे. दमलेल्या पायांनी, दिवस उतरत असताना, साखर खाली जाण्याची भीती असलेल्या माणसाला घेऊन हा चढ चढणे आम्हाला पटले नाही.

उलट दिशेने गेलो तर काय? सकाळी मादबाहून पश्चिमेला निघायचे. दहा किलोमीटरवर माउंट नेबो. हजरत मूसा अलैहिस्सलाम यांच्या अखेरच्या दिवसांशी यहुदी आणि ख्रिस्ती परंपरा ज्या डोंगराचे नाते जोडते, तो हा. मुस्लिम परंपरेत त्यांची कबर जॉर्डन नदीपलीकडे, जेरिकोजवळ नबी मूसा येथे मानली जाते. नेबोच्या माथ्यावरून तो सगळाच प्रदेश समोर दिसतो. सकाळी सूर्य पाठीमागे असतो, त्यामुळे पलीकडचे डोंगर स्वच्छ उजळतात. हवा निवळ असेल तर बैतुल मुकद्दसपर्यंत नजर पोचते. दुपारनंतर हेच खोरे धुरकट होते. म्हणजे पाहायचे असेल तर सकाळीच, आणि हा मुद्दा अम्मींसाठी निर्णायक ठरला. त्यांना चढ-उताराशी काही देणेघेणे नाही. त्यांना कुद्स शहर दुरून का होईना एकदा पाहायचे आहे.

नेबोहून उतार. वारा पाठीशी घेऊन दक्षिणेला किनारा. जॉर्डनमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तेव्हा दक्षिणेकडे जाताना समुद्र आपल्या हाताला येतो आणि सुटे दगड पडणारे कडे रस्त्याच्या पलीकडे राहतात. हीही सोयच. तोटा एकच: मूजिबच्या दरीचा उत्तरेकडचा चढ आपल्या वाट्याला येतो. तो दक्षिणेला तोंड करून असल्यामुळे दिवसभर उन्हात. पण ते पठारावरचे ऊन आहे, मृत समुद्राचे नव्हे. हा सौदा आम्ही स्वीकारला.

दिशा ठरली तरी दिवसांचा प्रश्न राहिला, आणि घरात खरा वाद झाला तो यावर. पुतणीने केलेला हिशोब दोन दिवसांचा होता आणि कागदावर तो बिनचूक होता. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिकडे साडेसहाच्या सुमारास सूर्योदय आणि सहाच्या सुमारास सूर्यास्त. उजाडताना निघालो तर आठपर्यंत नेबो उतरून खाली, अकरा-सव्वाअकराला समुद्राच्या दक्षिणेकडच्या मजरा गावात, तिथे जुहर आणि विश्रांती, एकला चढाला सुरुवात, साडेचार-पाचला करक. १२५ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी ९० किलोमीटर आणि मादबा. आमचे पाय हे करू शकतात. पावसाळ्याआधी आम्ही एकाच सकाळी सिंहगड दोनदा चढून पाहिला आहे, आंबेनळी केला आहे.

पण त्या हिशोबात करकचा चढ दुपारी एक ते पाच या वेळेत येतो. पश्चिमेचा उतार, सावली शून्य, खालच्या टप्प्यात तापमान तिशीच्या वर. भाईंचे डॉक्टर हा तक्ता पाहून फार बोलले नाहीत. त्यांनी विचारले, ‘‘हाच चढ सकाळी का नाही?’’

त्या एका प्रश्नाने बेत तीन दिवसांचा झाला. मूजिबची नदी जिथे मृत समुद्राला मिळते तिथे रस्त्यावर पूल आहे, आणि जवळच किनाऱ्यावर ‘रॉयल सोसायटी फॉर द कन्झर्व्हेशन ऑफ नेचर’ या संस्थेच्या राहण्याच्या खोल्या आहेत. पहिल्या दिवशी तिथपर्यंतच जायचे. साठ-पासष्ट किलोमीटर, त्यातही बराचसा उतार. दुसऱ्या दिवशी उजाडताना निघून आठ-सव्वाआठला मजरा. पश्चिमेला तोंड असलेल्या डोंगराची गंमत अशी की दुपारी तो जितका निर्दय, सकाळी तितकाच दयाळू: सूर्य डोंगराच्या मागे असतो आणि खालचा टप्पा, जो सगळ्यांत गरम, तो सावलीत मिळतो. ताशी आठ किलोमीटरने चढलो तरी बाराच्या आत करक. वर हवा थंड. आणि सगळी दुपार मोकळी.

पुतणी दोन दिवस रुसली. ‘‘मग यात अवघड काय उरले?’’ हा तिचा प्रश्न. चढ तेवढेच उरले आहेत, एक मीटरही कमी झालेला नाही, हे आम्ही तिला आकड्यांनी दाखवले. आमच्या मते दिवस वाचवण्यासाठी माणसाला उन्हात उभे करणे ही बहादुरी नव्हे. ती २२ वर्षांची आहे. तिला हे आत्ताच पटायला हवे असेही नाही.

आता महिना. उन्हाळ्यात मृत समुद्राच्या काठी चाळीसच्या वर पारा जातो, ते महिने बाद. हिवाळ्यात पठारावर बोचरी थंडी, पाऊस, करककडे कधीकधी बर्फही. वसंतात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, डोंगर हिरवे असतात, पण त्याच सुमारास वाळवंटाकडून खमसीन हा गरम धुळीचा वारा सुटतो. शिवाय रमजान सध्या त्या ऋतूच्या आसपास येतो. उरला ऑक्टोबर.

ऑक्टोबरच्या बाबतीत एक गोष्ट मात्र डोळ्यांआड करता येणार नाही. २५ ऑक्टोबर २०१८ रोजी मृत समुद्राच्या याच किनाऱ्याला, जरका माईनच्या भागात, अचानक पूर आला. २१ माणसे दगावली आणि त्यांत शाळेच्या सहलीला आलेली मुले मोठ्या संख्येने होती. वाळवंटातला पूर आपल्याकडच्या पुरासारखा नसतो. आपल्याकडे नदी चढताना दिसते, गावाला अंदाज येतो. तिकडे पाऊस वीस-तीस किलोमीटर लांब पठारावर पडतो. माती टणक, झाडोरा नाही, पाणी मुरतच नाही. ते सगळे अरुंद घळींतून गोळा होऊन खाली येते. खाली आकाश निळे असते आणि पाणी भिंतीसारखे येते. किनाऱ्याचा हा रस्ता अशा अनेक घळींची तोंडे ओलांडत जातो.

म्हणून बेतातला पहिला नियम: पठारावर, म्हणजे मादबा-करक भागात, पावसाचा इशारा असेल तर खाली उतरायचेच नाही. आपल्या डोक्यावर ढग आहेत की नाहीत हे पाहायचे नाही, वर कुठे आहेत ते पाहायचे. दुसरा नियम: मूजिबच्या घळीत पाण्यातून चालत जायची वाट प्रसिद्ध आहे, ती हिवाळ्याच्या महिन्यांत पुरामुळे बंदच असते, पण ती उघडी असली तरी आम्ही या फेरीत तिच्यात शिरणार नाही. आणि महिनाअखेरपर्यंत न थांबता तिसरा आठवडा धरला. त्यात थोडे ऊन जास्त सोसावे लागेल. ऊन घड्याळाने टाळता येते, पूर टाळता येत नाही.

वारही ठरवून घेतला. जॉर्डनमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी. त्या दोन दिवशी अम्मानची कुटुंबे डबे घेऊन मृत समुद्रावर लोटतात, रस्त्याकडेला मोटारी उभ्या राहतात. शुक्रवारी सकाळी तर जुमा होईपर्यंत बरीचशी दुकाने बंद. म्हणून आम्ही रविवारी निघणार. मालट्रक असतील, पण ट्रकवाला निदान आपल्या रांगेत चालतो. सहलीला निघालेली मोटार कधी थांबेल सांगता येत नाही.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. कोरड्या हवेत घाम कपड्यावर दिसत नाही, लगेच सुकतो, आणि माणसाला वाटते आपण घामाघूम झालोच नाही. कोकणात सदरा ओला झाला की आपोआप पाण्याची आठवण होते. तिकडे सदऱ्यावर फक्त मिठाचे पांढरे डाग उरतात. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता तासाला पाऊण ते एक लिटर, आणि प्रत्येकाजवळ तीन लिटर, शिवाय मोटारीत पिंप. नुसते पाणी पुरत नाही. घरी करायचे तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण आपल्या माताभगिनींना जुलाबाच्या औषधामुळे पाठच आहे. भाईंसाठी मात्र हे पाणी मोजून, वहीत नोंद करून.

जॉर्डन हा जगातल्या अत्यंत पाणीटंचाईच्या देशांपैकी एक आहे. अम्मानसारख्या राजधानीतही नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या दिवशी येते आणि घरोघरी गच्चीवर टाक्या भरून ठेवतात. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, ते ज्यांना आठवते त्यांना वेगळे सांगायला नको. अशा देशात सायकलस्वाराने दार ठोठावून बाटली भरून मागितली तर कोणी नाही म्हणणार नाही. पण आपण मागतो ते त्या घरच्या टाकीतले असते. दुकानातून विकत घ्यावे असे आम्ही ठरवले आहे, आणि मशिदीत गेलो तर वजूपुरतेच.

भाईंच्या इन्सुलिनचे कलम तापू देऊन चालत नाही. तिशीच्या वर ते खराब व्हायला लागते. पाण्यात भिजवून वापरायची गार थैली मिळते, तिच्यात ते राहील आणि थैली मोटारीत सावलीला. मेहनतीने साखर खाली येते, तीही चढताना नव्हे तर कधी कधी रात्री झोपेत. म्हणून करकच्या मुक्कामी भाभी रात्री दोनचा गजर लावणार आहेत. चढावर दर तासाला थांबून तपासणी. साखर घसरली तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटे थांबायचे, पुन्हा तपासायचे. खजूर खिशात असेलच, पण अशा वेळी ग्लुकोजच लागते; खजुरातली साखर त्या घाईला पुरेशी पडेल याची खात्री नसते. औषधाची मात्रा किती कमी करायची हे डॉक्टरांनी लिहून दिले आहे आणि ते इथे छापण्यासारखे नाही, कारण ते दुसऱ्या कोणाला लागू नाही.

करकला दुपार मोकळी मिळाली याचा आनंद सगळ्यांत जास्त अम्मींना आहे. शहरापासून दक्षिणेला थोड्याच अंतरावर मुअता आहे. हिजरी ८, म्हणजे इसवी सन ६२९ मध्ये तिथे लढाई झाली. हजरत जैद बिन हारिसा, हजरत जाफर बिन अबी तालिब आणि हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा हे तिघे सेनापती एकामागून एक शहीद झाले आणि मग हजरत खालिद बिन वलीद यांनी फौज सांभाळून मागे आणली. जवळच्या मजार गावात तिघांच्या कबरी आहेत. तिथे मोटारीनेच जायचे. त्या दिवशी पायांनी आपले काम केलेले असेल.

आणि करकचा किल्ला. तो ११४० च्या दशकात क्रुसेडरांनी बांधला. इथला सरदार रेनो काफिले लुटायचा, हाजींचेही. ११८३ मध्ये सुलतान सलाहुद्दीन यांनी वेढा घातला तेव्हा आत एक लग्न चालले होते. वधूवर ज्या बुरुजात होते त्यावर दगड फेकू नयेत असा हुकूम सुलतानांनी दिला, असे त्या काळच्या इतिहासात नोंदले आहे. किल्ला पडला तो ११८८ मध्ये, हित्तीनच्या लढाईनंतर दीर्घ वेढ्याने. आम्ही शिवरायांच्या गडांच्या मुलखातले लोक; उपासमारीने किल्ला घेणे म्हणजे काय हे आम्हाला समजावून सांगावे लागत नाही.

तिसरा दिवस करक ते मादबा. रब्बा आणि कस्र या गावांत जुन्या मंदिरांचे अवशेष रस्त्यालगत आहेत. पुढे जमीन एकदम संपते. मूजिबचा समोरचा कडा चार-पाच किलोमीटरवर दिसतो आणि मधे काहीच नाही. तळाशी धरणाचे पाणी. इथे एक खुलासा. अल्लाहचे एक नाव ‘अल-मुजीब’, दुआ कबूल करणारा, आहे. दरीचे नाव ते नव्हे. दरी ‘मूजिब’, अक्षरे वेगळी: दरीच्या नावात जीमच्या आधी वाव आहे, ‘अल-मुजीब’मध्ये वाव नाही, जीमनंतर ये आहे. ज्यांनी लहानपणी मदरशात अक्षरओळख केली आहे त्यांना पाटीवर फरक लगेच दिसेल.

या दरीतून रस्ता काढणे किती जुने काम आहे याचा पुरावा पलीकडच्या धिबान गावात सापडला. १८६८ मध्ये तिथे एक काळा शिलालेख मिळाला, जो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला मोआबचा राजा मेशा त्यात आपली कामगिरी सांगतो, आणि त्यात अर्नोनच्या दरीतून आपण रस्ता केला हेही अभिमानाने नोंदवतो. अर्नोन म्हणजेच ही मूजिब. पुढे रोमन सम्राट ट्रेजनच्या काळातला रस्ता इथूनच गेला. त्याचे मैलाचे दगड अजून उभे आहेत. नंतर शामच्या हाजींचे काफिलेही अनेक शतके या पठारावरून गेले. उंटांनी जी चाल ठेवली असेल, साधारण तीच आमची चढावरची असणार.

दरीचा उतार चढाइतकाच गंभीरपणे घ्यावा लागतो. सतत ब्रेक धरून ठेवला तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते, त्यामुळे थोडा दाबायचा, सोडायचा, आणि मधे थांबून चाक हाताने तपासायचे. नेबोच्या उतारालाही हेच. सायकलींचे म्हणाल तर टायर ३२ मिलिमीटर रुंदीचे, पुढे ३४ दातांचे लहान चक्र आणि मागच्या कॅसेटलाही ३४, म्हणजे पेडलचा एक फेरा आणि चाकाचा एक फेरा. याहून जड गिअर घेऊन करक चढणारे असतील. आमचे गुडघे तसे नाहीत. समुद्रकाठी मुक्काम असल्याने रात्री साखळी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसायची. मीठ लोखंडाला सोडत नाही. आणि मृत समुद्रात तरंगण्याची हौस असेल तर नेमून दिलेल्या जागीच. पाण्याची पातळी वर्षाला सुमारे एक मीटर खाली जात असल्याने किनाऱ्याची जमीन आतून पोकळ होऊन ठिकठिकाणी खड्डे खचले आहेत. खोगिराने सोललेल्या कातडीला ते पाणी काय करते हे सांगायला नको.

कपड्यांबद्दल दोन्हीकडच्या नातेवाईक स्त्रियांनी बरेच विचारले. लांब बाह्यांचा सैल पातळ कुर्ता, सैल विजार, हेल्मेटखाली पातळ सुती स्कार्फ जो मागे पिनेने घट्ट, म्हणजे चाकात जाणार नाही. या उन्हात अंग झाकणे हे परदेशी सायकलस्वारही करतात, उन्हासाठी. पठारावरच्या गावांत त्यामुळे वावरणे सोपेच जाईल. विजारीचा उजवा पाय पट्टीने बांधायचा, एवढे विसरायचे नाही.

किंग्ज हायवेवरून गेलेल्या अनेक सायकलस्वारांनी लिहिले आहे की काही गावांत पोरे सायकलवर खडे मारतात आणि मेंढपाळांची कुत्री मागे लागतात. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याच पानावर कोणीतरी चहाला घरात नेल्याचेही लिहिले आहे. आम्ही ठरवले आहे ते असे: गाव आले की वेग कमी, आधी सलाम, थांबून दोन शब्द. कुत्र्यासाठी सायकलवरून उतरून सायकल मधे धरायची. मृत समुद्राच्या रस्त्यावर लष्कराच्या चौक्या आहेत, पासपोर्ट हाताशी हवा. व्हिसा आणि विमा यांचे नियम निघण्याआधी पुन्हा तपासायचे, कारण हा भाग शांत नाही आणि आकाशमार्ग कधी बंद होईल सांगता येत नाही. परतीचे तिकीट बदलता येणारे घ्यावे, पैसे थोडे जास्त पडले तरी. नमाजेचे सोपे आहे: सफरीची कसर, जुहर-असर एकत्र, आणि थांबण्याच्या जागा त्याच हिशोबाने ठरवल्या आहेत.

एक गोष्ट ठरायला सर्वांत जास्त वेळ लागला. चढावर मोटार कुठे असावी? भाभींचे म्हणणे, भाईंच्या मागेच. भाई म्हणाले, मागे मोटार घुरघुरत असेल तर मी सायकल चालवत नाही, मला घरी ठेवा. अरुंद चढावर ताशी आठच्या वेगाने चालणारी मोटार ट्रकांच्या वाटेत येते, हेही खरे. शेवटी असे ठरले की मोटार पुढे जाऊन थांबेल. भाई दिसले, हात वर केला, की पुढच्या थांब्याला जाईल. हात वर केला नाही तर सायकल टपावर, आणि त्यावर वाद नाही. अंतर भाईंनी पाच किलोमीटर सांगितले होते, भाभींनी दोन. तीनवर दोघे आले. भाड्याच्या मोटारीच्या ड्रायव्हरला हे सगळे नीट कळावे म्हणून पुतणी ते अरबीत लिहून काढते आहे.